पिंपाचं झाकण

नाही, कळीचा चुना देणार नाही. — आहे ना, नाही कुठे म्हटलं? पोतं तुम्हाला दिसतंय, मलाही दिसतंय. तुम्ही बरोबर काय आणलंय ते बघून नाही म्हणतोय. झाकणाचं पिंप! सोसायटीची भिंतच रंगवायची ना? मग ही विरवलेली भुकटी न्या, फक्की — पाण्यात कालवा, थोडा डिंक घाला, संपलं. मैदानावर रेघा मारायला हीच नेतात. कळीचा कुठे जातो? साखर कारखान्यात, उसाचा रस निवळायला. मांजरी गावचे द्राक्षबागवाले नेतात, मोरचुदात घालून झाडांवर फवारतात. त्यांना त्यातलं कळतं. तुम्हाला — राग मानू नका — मोबाईलवर कळलेलं आहे.

अहो, कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, रटरट. म्हणून उघडं भांडं, आधी पाणी, मग एकेक खडा, आणि आपण चार हात लांब. झाकण लावलं की वाफ कोंडते, मग उघडायला जो जाईल त्याच्या तोंडावर येतं सगळं. सौमित्रच्या आलं. माझा धाकटा भाऊ. — डोळे? गेले. दोन्ही. बारा वर्षं झाली. लोक म्हणाले, बेफिकीर माणूस. मीही म्हणालो. खरं तर पहिल्यांदा मीच म्हणालो. चुना विरवायला टाकून तो जेवायला गेला, तेव्हा पिंप उघडंच होतं — हं, बरोबर विचारलंत, मला कसं माहीत? एक गिऱ्हाईक आलं होतं, पांढरा शर्ट, शिंतोडे उडतात म्हणून कुरकुर. म्हणून झाकण लावलं. कोणी म्हणजे? मी लावलं! त्याला सांगायचं विसरलो. नंतर राहून गेलं — नाही, राहून नाही गेलं, सांगितलं नाही. भ्यालो. त्याला वाटतं, सवयीनं आपणच लावलं असणार. परवा दुकानात आला, अस्मिताचा, त्याच्या बायकोचा, हात धरून. म्हणाला, "दादा, माझ्या चुकीपायी तू एकटा राबतोयस, माफ कर मला." आता यावर मी काय म्हणावं? म्हणालो, "जाऊ दे. केलं माफ."

असे बघू नका माझ्याकडे. फक्की किती किलो देऊ? — नको? मग पायरीवरून खाली उतरा, मागे गिऱ्हाईक उभं आहे.