लाल कापडावरची सात केंद्रं

वेनछिंग : ...पण बाई, कापड छापून घ्यायची कल्पना कुणाची होती?

छिन बाई : माझी! झालं समाधान? आणि हळू बोल जरा. आत सगळं ऐकू जातं.

वेनछिंग : मी तेव्हाच म्हणत होते, नुसता फोटो काढू.

छिन बाई : नुसता? गेल्या वर्षी याच थोंग साहेबांनी आपला अहवाल परत पाठवला. म्हणे काम दिसत नाही. लाल कापड धरून रांगेत उभं राहिल्याचा फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही! म्हटलं, थांबा, या वर्षी दाखवतेच.

वेनछिंग : दाखवलंत ना. कापडावर छापलंत, ‘सात तालुक्यांत सात संपर्क केंद्रांची स्थापना.’ केंद्रं कसली हो? सात आया आणि त्यांच्या मोबाइलवरचे सात ग्रुप.

छिन बाई : अगं, वाक्याला जरा वजन नको?

वेनछिंग : आलं वजन. आपल्याला एक शाखा काढायची परवानगी नाही, आणि आपण सात काढल्याचा पुरावा रंगीत छापून अहवालाला जोडला.

छिन बाई : बस आता. सूर्यफुलाच्या बिया खा.

वेनछिंग : घशाखाली उतरणार नाहीत. साडेचार झाले. आज वार्षिक अहवालाच्या मुदतीचा शेवटचा दिवस, साडेपाचला कचेरी बंद. सासूबाईंचा शिक्का मिळाला नाही तर आपली नोंदणी गेली. सोमवारी तेवीस स्वमग्न मुलं दारात येतील, त्यांना काय सांगायचं? त्यातली निम्मी तर बोलतच नाहीत.

छिन बाई : आपल्या कामातले सगळे आपली जबाबदारी घेणाऱ्या वरच्या कचेरीला सासूच म्हणतात, माहितेय. पण निदान तिच्याच दारात बसून म्हणू नकोस. ही सासू मिळवायला मी अकरा कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत. जो तो म्हणायचा, काम पुण्याचं आहे हो, पण आमच्या नावावर नको. सासूशिवाय संस्थेची नोंदणी होईना, म्हणून चार वर्षं आपण कंपनीची पाटी लावून काढली. मुलांना बोलायला शिकवणारी कंपनी!

थोंग साहेब : छिन बाई, या आत. तूही ये गं. दार लावून घ्या.

छिन बाई : साहेब, जेवलात का?

थोंग साहेब : जेवणाचं राहू द्या. या फोटोत डावीकडून तिसरी कोण?

छिन बाई : मेंग. पिंगथानची. चहाच्या मळ्यात पानं खुडते. मुलगा सहा वर्षांचा, अजून एक शब्द नाही.

थोंग साहेब : पद काय तिचं?

छिन बाई : आई.

थोंग साहेब : मी पद विचारतोय.

छिन बाई : तेच सांगतेय, साहेब.

थोंग साहेब : थट्टा नकोय बाई. वरून फोन आलाय. तुमची परवानगी या शहरापुरती. तुम्ही बाहेर सात ठिकाणी माणसं जोडलीत, तारखेसकट कापडावर छापलंत आणि वर मलाच पाठवलंत. मी काय डोळे मिटून बसू?

वेनछिंग : साहेब, फोटो लावा असं तुम्हीच तर...

थोंग साहेब : फोटो लावा म्हटलं होतं. राज्य थाटा नव्हतं म्हटलं.

छिन बाई : चूक माझी. मोठेपणा मिरवायला गेले. ती केंद्रं नाहीत हो. मूल भिंतीवर डोकं आपटायला लागलं की त्या बायका ग्रुपवर विचारतात, आम्ही सांगतो. बस्स, एवढंच.

थोंग साहेब : अशा किती बायका?

वेनछिंग : तीनशे बारा.

छिन बाई : तू गप्प बस ना!

थोंग साहेब : हा आकडा मी ऐकलेला नाही. हे बघा, कागद तयार केलाय. ‘सातही केंद्रं आजपासून बंद, संपर्क थांबवला आहे.’ सही करा, आणि ते सातही ग्रुप इथे माझ्यासमोर बंद करा. लगेच शिक्का मारतो.

छिन बाई : आणि नाही केलं तर?

थोंग साहेब : तर तुमच्या दाराला कुलूप. माझी बदली होईल ती वेगळीच, ते सोडा.

छिन बाई : साहेब, माझा मुलगा आता एकतीसचा आहे, तोही असाच. तो चार वर्षांचा होता तेव्हा विचारायला मला एक माणूस नव्हतं. मी त्याला खाटेला दोरीने बांधून गिरणीत कामाला जायचे. त्या दोरीची लाज अजून जात नाही माझी. या बायकांवर ती पाळी येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

थोंग साहेब : कळतं मला.

छिन बाई : कळतं तर मारा शिक्का.

थोंग साहेब : कळण्याचा शिक्का माझ्याकडे नाही, बाई. माझ्याकडे हा एकच आहे.

वेनछिंग : बाई... पाच वाजून दहा मिनिटं झाली.

छिन बाई : मला घड्याळ दाखवू नकोस. तेविसांना घरी बसवू की तीनशे बाराजणींना वाऱ्यावर सोडू, ते सांग. ...राहू दे. आण ते पेन.

(सही होते. छिन बाई मोबाइलवर एकेक ग्रुप बंद करत जातात.)

वेनछिंग : लुओशी तालुक्याचा ग्रुप गेला. हाही गेला... सहा झाले.

थोंग साहेब : थांबलात का?

छिन बाई : पिंगथानचा राहिलाय. मेंगने आत्ताच टाकलंय. ‘बाई, आज तो पाणी म्हणाला. बोट नाही दाखवलं, तोंडाने म्हणाला. दोनदा.’

वेनछिंग : मेंगचा मुलगा? खरंच? बघू, बघू!

थोंग साहेब : ...पाच मिनिटं आहेत अजून. आधी तिला उत्तर द्या. मग बंद करा.

छिन बाई : देते की. पण खाली तिने विचारलंय, ‘आता उद्या काय शिकवू?’ सांगा साहेब, काय लिहू?