पडद्यावरचा बाप आणि ओट्यावरचा बाप

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक विचारते. उत्तर लगेच देऊ नका, लगेच दिलेली उत्तरं पाठ केलेली असतात. परक्याच्या बापासाठी आपल्या डोळ्यांत पाणी येतं, आणि घरच्या बापाला तांब्याभर पाणी मागून घ्यावं लागतं — असं का?

पहिल्या रांगेतले काका मान हलवतायत. काका, तुम्ही बाप म्हणून हलवताय की मुलगा म्हणून? …नाही ना सांगता येत? बसा. आख्यान तुमचंच आहे.

काळ मंदीचा. तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांचा. दुकानं उघडी, पण गिऱ्हाईक नाही. मंदी आली की माणसं काय करतात? आधी दिव्याची वात बारीक करतात. मग ताकात पाणी वाढवतात. आणि मग घरातला म्हातारा त्यांना एकाएकी फार जागा व्यापायला लागतो!

गाव कोल्हापूर. तिथं गुंडोबा हेर्लेकर नावाचे एक गृहस्थ. घरात त्यांना आबा म्हणायचे. आबांचं फेट्या-पगड्यांचं दुकान. उभा जन्म लोकांच्या डोक्यावर मान ठेवण्यात गेला. पुढं पगड्या गेल्या, टोप्या आल्या. टोप्याही जायला लागल्या, त्यात मंदी — दुकानाला कुलूप. बायको आधीच देवाघरी गेलेली. आबा घरी बसले. आणि मंडळी, कर्ता पुरुष घरी बसला की तो कर्ता राहत नाही, नुसता बसलेला राहतो.

थोरला मुलगा नीळकंठ, कचेरीत कारकून. घरात साहेब! धाकटा चिंतामणी, लग्नाचा आणि शौकीन. आणि थोरल्याची बायको सगुणा, जिभेची तिखट, हाताची चलाख. वाईट होती का? छे! वाईट माणसं आख्यानात सोपी पडतात हो, राक्षस म्हटलं की काम झालं. ही तुमच्या-आमच्यासारखी चांगली माणसं होती, म्हणून तर पंचाईत.

आपल्याकडे पंगतीची एक रीत. वडीलधाऱ्यानं म्हणायचं, "नमः पार्वतीपते —"

बघा! तुम्ही दिलीत साद! "हर हर महादेव!" मांडव दणाणला. सांगावं नाही लागलं. रीतच आहे — वडिलांनी हाक द्यायची, सगळ्यांनी साद द्यायची, मग पहिला घास. हेर्लेकरांच्या घरी काय व्हायचं? आबा पाटावर बसायचे, हात जोडायचे, "नमः पार्वतीपते…" तोवर नीळकंठाचं अर्धं ताट झालेलं! चिंतामणी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायचा, "वहिनी, चटणी." साद नाहीच. मग आबा आपले आपणच हळूच म्हणायचे, "हर हर महादेव." हाकही त्यांची, सादही त्यांचीच.

आता काय झालं — गावात एक चित्रपट कंपनी. बोलपट नुकते बोलायला लागलेले, सगळ्या गावाला वेड! कंपनीला लग्नाच्या देखाव्यासाठी फेटे बांधणारा हवा होता. आबा गेले. तिथं चालू होता कौटुंबिक विनोदी बोलपट. घरातल्या बापाला कुणी विचारत नाही, त्याची फजिती. सगळी पात्रं मिळाली, बाप मिळेना! नाटकातले मोठे मोठे नट येत होते. एकानं "बाळाऽऽ!" म्हणून अशी आरोळी ठोकली की बाळ पळालं. दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, ह्याला कोण विसरेल? मला असा बाप पाहिजे, जो खोलीत असूनही दिसत नाही!"

आणि त्याची नजर गेली कोपऱ्यात. फेटे बांधून झाले होते, आबा भिंतीला टेकून उभे. कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून पाय जवळ घेतलेले. खुर्ची रिकामी होती, पण बसले नव्हते — कुणाला लागली तर?

दिग्दर्शक ओरडला, "हाच! आजोबा, असं उभं राहायला कुठं शिकलात?"

आबा म्हणाले, "घरी."

हसताय? हसा. मीही हसले होते, पहिल्यांदा.

झालं! आबा नट झाले. आता घरी सांगायला नको? जेवताना म्हणाले, "नीळकंठ, मी बोलपटात काम करतोय. बापाचं."

नीळकंठ म्हणाला, "हं."

"कंपनीवाले फार आदबीनं वागतात रे —"

सगुणा म्हणाली, "मामंजी, ताक वाढू का?"

वाढलं. आबा प्यायले. विषय संपला! आबांनी चोरून काही केलं नाही, मंडळी. सांगितलं. चार माणसांत सांगितलं. रोज सकाळी जायचे, तिन्हीसांजेला यायचे. घरात नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं? मांजराच्या! ते ओट्यावर त्यांची वाट बघायचं.

इकडं घरात वेगळाच बेत शिजत होता. चिंतामणीला ग्रामोफोन आणायचा होता. उद्या मुलीकडची माणसं आली तर घराला काही शोभा नको? ठेवणार कुठं? खिडकीशी. खिडकीशी कोण? आबांचं अंथरूण! मग नीळकंठानं तोंडात साखर धरून सांगितलं, "आबा, तुम्हाला देवाधर्माची ओढ. नरसोबाच्या वाडीला राहा. धर्मशाळा आहे, नदी आहे, दोन वेळचा प्रसाद आहे. किती भाग्य!"

बघा हं! आपल्याला माणूस नको झाला की आपण त्याला देवाकडं पाठवतो. देवाला विचारतो का कधी — बाबा रे, तुझ्याकडं जागा आहे का?

आबांना जायचं नव्हतं. ह्याच घरात त्यांची बायको नांदली होती, ह्याच खिडकीत बसून दोन्ही पोरांना त्यांनी घास भरवले होते. पण बोलले काय? "बरं." मनात मात्र एक वेडी आशा — बोलपट लागू दे. पोरं बघतील. बघितलं की कळेल. मग कशाला धाडतील?

बोलपट लागला! कंपनीनं आबांना घरच्यांसाठी पास दिले. आबांनी ते नीळकंठाच्या पुढं धरले. "कंपनीनं दिलेत. सगळ्यांनी जाऊ."

"वा!" नीळकंठ खूश. "पण आबा, सगळे कसे जाणार? घर उघडं टाकून? तुम्ही थांबा. नाहीतरी तुम्हाला अंधारात डोळ्यांना त्रास होतो."

आबांच्या डोळ्यांना काही त्रास नव्हता. त्रास होता तो दुसरीकडं. पण म्हणाले, "बरं. तुम्ही जाऊन या. नीट बघा हं."

गेले! दुपारचा खेळ. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये पडदा. अंधार झाला. आणि समोर — आबा! वीतभर नाही हो, चांगले दोन पुरुष उंच आबा! काय होतं बघा: बाप खुर्चीवर बसतो, सून म्हणते, "उठा, पाहुणे येतायत." बाप स्टुलावर. मुलगा म्हणतो, "उठा, मला दिवा लावायचाय." बाप उंबऱ्यावर. मोलकरीण म्हणते, "बाजूला व्हा, केर काढते." शेवटी बाप परसात पालथ्या बादलीवर बसतो, आणि ती बादलीसुद्धा गडी मागायला येतो! सगळं थिएटर लोळतंय! नीळकंठ मांडीवर थापा मारतोय! चिंतामणी म्हणतो, "दादा, काय नमुना आहे रे हा म्हातारा!"

तिकडं बायकांत सगुणा काय करत होती? तिची नजर बापाच्या कोटावर. काळा कोट, आणि त्याला मधलं बटण पांढरं! शेजारणीला म्हणते, "बघा हो, काय मेली सून! सासऱ्याच्या काळ्या कोटाला पांढरं बटण लावलंय. हात झडले होते का हिचे काळं शोधायला?"

मंडळी, ते बटण कुणी लावलं होतं? …हां. कोट आबांचा घरचाच होता!

मग आली पंगत. पडद्यावर सगळं कुटुंब जेवायला बसलेलं. हे काही कुणी लिहून दिलेलं नव्हतं हो. आबा सवयीनं हात जोडून बोलून गेले, "नमः पार्वतीपते…" पडद्यावरच्या मुलांना साद कुठं लिहून दिलेली? ती जेवायला लागली. बाप थांबला. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. आणि आपला आपणच बोलणार, तेवढ्यात — सगळं थिएटर गरजलं, "हर हर महादेव!"

आणि त्यात सर्वांत मोठा आवाज कुणाचा? नीळकंठ हेर्लेकरांचा! गळ्याच्या शिरा फुगवून! ह्या माणसानं जन्मात बापाला साद दिली ती पहिल्यांदा. आणि कुठं? अंधारात. कुणाला? कापडाला!

हसू नका. मोबाइलवर बापाच्या मायेचा व्हिडिओ बघून रडता की नाही? पुढं पाठवता की नाही? आणि बाप पलीकडच्या खोलीत "अरे, माझा चष्मा कुठं ठेवलास?" म्हणून हाका मारत असतो. बरोबर ना, ताई? पदर कशाला लावताय तोंडाला!

खेळ सुटला. तिघं डोळे पुसत घरी आले. दिवेलागणीची वेळ. आबा ओट्यावर उभे, हातात कंदील.

"कसा होता रे?"

"आबा, काय सांगू!" नीळकंठ म्हणाला. "बाप काय होता! देवमाणूस! आणि त्याची ती पोरं — जोड्यानं मारली पाहिजेत!"

"आणि ती सून!" सगुणा म्हणाली.

आबांनी कंदील जरा वर धरला. आपल्या तोंडापाशी. "कुणी… ओळखीचं वाटलं का?"

चिंतामणी म्हणाला, "ओळखीचं कसं वाटेल? मुंबईचा मोठा नट असणार तो. आपल्याकडं कुठली अशी माणसं!"

"बरं," नीळकंठानं चपला काढल्या. "तुमची बांधाबांध झाली का? सकाळी टांगा येणार आहे."

आबांनी कंदील खाली ठेवला.

आप्पा, पेटी जरा थांबवा. इथं सूर नको.

सकाळ झाली. दारात टांगा उभा. टांगेवाला बाबालाल, मोठा बडबड्या. आबा वळकटी घेऊन बाहेर आले, अंगात कोट. बाबालालनं वळकटी घ्यायला हात पुढं केला आणि तसाच राहिला!

"अवो! हे तर बोलपटातलं म्हातारं! काल मी रडलोय बगा ह्यास्नी बघून, सगळ्यांसंगं हर हर महादेव म्हनून वरडलोय! म्हातारबा, तुमी हितं कसं?"

"इथंच राहतो," आबा म्हणाले.

नीळकंठ हसला. "वेड लागलंय काय, बाबालाल? हे आमचे आबा. ह्यांना कुठलं आलंय काम? ह्यांना धड बोलता कुठं येतं?"

"साहेब, बापाला मी वळखलं, अन् तुमी…?"

एवढ्यात सगुणा निरोपाचं दही घेऊन बाहेर आली. वाटी पुढं केली, आणि नजर गेली कोटावर. काळा कोट. मधलं बटण पांढरं.

वाटी हातातून सुटली.

"अहो… ती मेली सून मीच!"

नीळकंठ बापाकडं बघतोय, पहिल्यांदा बघितल्यासारखा. चिंतामणी जमिनीकडं. मग नीळकंठ पायावर पडला. "आबा, सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं होतं की."

"थांबा आबा! कुठंही जायचं नाही! आता गावभर सांगतो, माझे वडील —"

आबांनी त्याला उठवलं. म्हणाले, "नीळकंठ, तू कुणाला थांबवतोयस? कालच्या त्याला? त्याला काही कमी नाही रे. त्याला सगळं गाव साद देतं. मी नुसता गुंडोबा. मी राहिलो तर पुन्हा खिडकीशीच बसणार, पुन्हा खोकणार. मी चालेन का?"

नीळकंठ घरातला साहेब, पण शब्द सापडेना! चांगलं झालं. सापडला असता तर खोटा सापडला असता.

बोलली ती सगुणा. पदरानं नाक पुसत खाली बसली, उंबऱ्यावरच, आणि विचारलं, "मामंजी, तिथं कंपनीत जेवायला काय द्यायचे तुम्हाला?"

मंडळी, कैक वर्षांत त्या घरात आबांना कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न!

आबांनी वळकटी खाली ठेवली. मग म्हणाले, "पिठलं असायचं. खारट. पण सूनबाई, वाढणारा विचारायचा — पुरे का, आणखी घालू?"

ती रडायला लागली. आबाही. आणि मग जे बोलायला लागले! दिवे कसे तापायचे, दिग्दर्शक कसा चिडायचा, नटाला फेटा कसा सुटेना. बाबालालनं घोड्याला चारा टाकला आणि तोही बसला ऐकत. नीळकंठ कचेरीची वेळ झाली म्हणून उठायला लागला, तर सगुणानं नुसतं बघितलं. बसला!

सुधारले का ते? थोडेसे. चिंतामणीनं ग्रामोफोन आणला तो आणलाच, माजघरात ठेवला आणि रोज आबांच्या झोपेच्या वेळी वाजवला. माणूस एका बोलपटानं सुधारत नाही. एका कीर्तनानंही सुधारत नाही, एवढं मला कळतं, म्हणून तर माझा धंदा चालू आहे! पण त्या दिवशी टांगा रिकामा परत गेला. एवढं झालं.

आता तुमच्याकडं वळते. डोळे पुसताय? माझ्या आबांसाठी? ते तर मी रचलेले आहेत हो! खरं सांगा: इथं येताना घराला कुलूप किती जणांनी लावलं? आणि कुलूप न लावता आलेले कितीजण? "तुम्ही थांबा, कुणीतरी हवं घरी" असं कुणाला सांगून आलात?

हात वर नका करू. मला माना दिसतायत खाली गेलेल्या.

प्रसाद पुडीत बांधून नेणार असाल त्यांच्यासाठी. नेऊ नका. उठा. गल्लीच्या टोकाला तर घरं आहेत तुमची. घराला कडी घाला, चोराला दोन भांडी मिळाली तर मिळू देत, आणि त्यांना हाताला धरून इथं आणा. इथं, पुढं, सतरंजीवर. तबकात निरांजन लावलंय, कापूर तयार आहे, देवही उभाच आहे. तो ताटकळेल थोडा. त्याला सवय आहे.

जा. तोवर मी आरती धरत नाही.