पाव सुताची रेघ

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमले नाही, चौथीतून शाळा सुटली, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. यांना लिहितावाचता येत नाही. मुलगा मोठा झाला की त्याला कळावे म्हणून हे सांगतात आणि मी उतरवते. बोली त्यांचीच ठेवली आहे.

मी नेरे गावचा. बापाची भातशेती, पन मला नांगरापेक्षा गाडीचा नाद, पनवेलला येऊन एका शेठची गाडी पुसली, मग चालवली, मग शेठ गेला तवा त्याच्या पोरांकडनं तीच घेतली. लढाईच्या आधीची अमेरिकन गाडी, काय सांगू तुमाला, दरवाजा लावला का तिजोरीवानी आवाज. पनवेल-खंडाळा सवाऱ्या मारायचो. पन इंजिन म्हातारं झालं, तेल प्यायला लागलं, घाटात अर्ध्या सवाऱ्या उतरवून चालवायला लागायच्या, आन नव्या गाडीवाला गणपत बाजूनं जाताना हात बाहेर काढून बोलायचा, दादा, ढकलू काय?

मग इंजिन उघडलं. अब्राहम मिस्त्री आमच्या पनवेलचाच, बेने इस्रायल, म्हंजे यहुदी, शनवारी पान्याला हात लावनार नाय, पन बाकी सा दिस त्याच्यासारखा हात नाय, हे मी आजपन बोलतो. तो बोलला, भाऊ, नव्या रिंगा टाकू, बेरिंगा टाकू, कंपनीनं दिलं तसंच बांधू, अजून दहा वर्सं जाईल. मी बोललो, मला घाटात जोर पायजे. तो बोलला, म्हातारीला नाचवायची काय? मी बोललो, नाचली तरच आमचं पोट भरंल. आठ दिस हेच, तो चा पाजायचा आन नाय बोलायचा, चा पाजायचा आन नाय बोलायचा. शेवटी शुक्रवारी वैतागून बोलला, बरं, इंजिनावरचं हेड घासून पातळ करू, जोर वाढंल, पन पाव सूत, त्याच्यावर कागदाएवढं नाय, नायतर व्हॉल्व हेडाला आदळतील. सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा.

दुसऱ्या दिशी शनवार, त्याचं बंद, आन वळखीच्या एकाची लॉरी मुंबईला चाललेली. मी कशाला थांबतोय. हिच्याकडनं चिठ्ठी लिवून घेतली, पाव सूत घासा म्हनून, हेडाला बांधली, तिथल्या लेथवाल्याकडं पाठवली. हेड घासून आलं, चिठ्ठी तशीच बांधलेली, मिस्त्रीनं बसवलं. पयल्याच फेरीला असा जोर लागला, असा लागला, मी गणपतला मागं टाकला, खरंच टाकला, आन पुढच्या वळणावर आतनं हातोडा मारल्यावानी आवाज. व्हॉल्व तुटून पिस्टन फोडून गेला. माझ्या सवाऱ्या गणपतच्या गाडीत बसल्या. तो या खेपेला हात आत ठेवूनच गेला.

हेड काढून मोजून घेतलं तर अर्धा सूत घासलेलं, मग मी मिस्त्रीच्या दारात जाऊन आख्खी आळी गोळा केली. बोललो, पाव सांगून अर्धा सूत घासलेलं बसवलंस, चोरा. त्यानं खिशातनं चिठ्ठी काढली, बघितली, ही माझ्या मागं उभी होती, हिच्याकडं बघितलं, आन चिठ्ठी घडी करून परत खिशात घातली. बोलला, बसवायच्या आधी मी मोजायला पायजे होतं, चूक माझी. बघा, सोताच्या तोंडानं बोलला! इंजिनाचे चारशे रुपये मी त्याच्याकडनं म्हयन्याला वीस-वीस करून घेतले. गाडी भंगारात गेली, आता दुसऱ्याची मिठाची लॉरी हाकतो. पोरानं ध्यानात ठेवावं, आपल्याला कोनी बुडवलं. लिव, बुडवलं लिव.

लिहिले.

आता हे मीठ भरायला उरणला गेले आहेत. पुढचे माझे आहे.

आम्हाला शाळेत पाव म्हणजे एक उभी रेघ आणि अर्धा म्हणजे दोन, असे शिकवले होते. त्या शनिवारी टाकाची शाई संपत आली होती. पहिली रेघ फिकी आली म्हणून मी टाक बुडवून तीच पुन्हा ओढली. ती पहिलीवर बसली नाही, शेजारी बसली. हे दारातून ओरडत होते, आटप, लॉरी चालली. मी घडी करून दिली.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितले तेव्हाच मला कळले. यांचा हात कसा पडतो ते मला ठाऊक आहे, आळीलाही ठाऊक आहे. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. लोकांना वाटले, लाजली.

वीस महिने मिस्त्री पैसे घेऊन येत. हे फेरीवर असले की मीच घ्यायची. वहिनी, मोजून घ्या, एवढेच म्हणायचे. मी मोजायची. त्या वीस महिन्यांत लोकांनी त्यांच्याकडे गाड्या टाकायचे सोडले.

परवा शेवटचे वीस दिले. बायकामुलांना घेऊन ते बोटीने इस्रायलला जाणार आहेत. नोटांच्या खाली ती चिठ्ठी होती. म्हणाले, वहिनी, ही चुलीत टाका. मी टाकली नाही, या कागदाला टाचून ठेवते. देव त्यांना तिकडे मानाचे काम देवो.

बाळा, दोन्ही रेघा नीट बघ, एक फिकी आहे. मिस्त्रींनी आपल्याला बुडवले नाही. आणि पैसे मात्र त्यांनी पुरे चारशे फेडले.