रॉकेलात भिजवलेला कप

माइक जरा खाली घ्या.

वहिनी, आणि मंडळी. सोसायटीचा हॉल आज पुरला नाही, माणसं जिन्यावर उभी आहेत. नथ्थूअप्पांच्या शोकसभेला आलात. मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. पण बोलल्याशिवाय मी आज घरी जाऊ शकत नाही.

माझ्याआधी तिघं बोलले. चांगलं बोलले. पण तिघांनीही एक वाक्य म्हटलं, "वय झालं होतं, गाडी चालवायला नको होती." अपघात झाला त्या पर्वत पाटियाच्या चौकातही लोक गुजरातीत तेच म्हणत होते, "आ उमरे गाडी शुं काम चलावे?" मंडळी, हे खोटं आहे. अप्पा एकसष्ट वर्षांचे होते. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. चूक त्यांची नव्हती.

चूक कोणाची होती, ते सांगायला उभा आहे.

अप्पांची काळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मिल बंद पडली तेव्हा शेठच्या आवारात सडत पडलेली ती गाडी अप्पांनी भंगारातून उचलली. तीस वर्षं मिलमध्ये फिटर होते. चार वर्षं खपून त्यांनी ती चालती केली. माझ्याकडेही तशीच एक म्हातारी गाडी. मी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून अप्पा मला मास्तर म्हणायचे. आमची दोस्ती गाड्यांमुळेच.

मागच्या वर्षी आपल्याकडे सायबर कॅफे उघडला. जुन्या गाडीवाल्यांचा एक ईमेलचा ग्रुप होता, त्यात आम्ही दोघं शिरलो. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. पुणे, इंदूर, पार विलायतेपर्यंत. आणि मंडळी, तिथे काय भांडणं! कोणतं ऑइल घालावं, इंजिन कसं धुवावं. गाडी एकाची, सल्ला दहा जणांचा. मी तर उंटावरून शेळ्या हाकायचो. अप्पा एका बोटाने टाइप करायचे, इंग्रजी मोडकंतोडकं. पण जे हाताने केलं, तेवढंच लिहायचे.

दोन गल्ल्या सोडून राहणारे आम्ही, तिथे जाऊन भांडायचो. आणि दर रविवारी दहा वाजता अप्पांच्या घरी वहिनींच्या हातचा चहा. आमचा नियम होता : भांडण कॉम्प्युटरवर, चहा घरात. घरात त्यातला एक शब्दही काढायचा नाही. वहिनी, तुम्ही हसायचात आम्हाला.

ब्रेकच्या सिलिंडरमध्ये रबराचे छोटे कप असतात. पेडल दाबलं की तेच तेल पुढे ढकलतात. ते चिकट झाले तर कशाने धुवायचे, यावर वाद पेटला. अप्पांनी लिहिलं, स्पिरिटने. मी लिहिलं, रॉकेलमध्ये दिवसभर भिजवा. अप्पांनी लिहिलं, रॉकेलने रबर फुगतं. मी काय लिहिलं, ऐकायचंय? "आधी इंग्रजी नीट लिहा, मग रसायनशास्त्र शिकवा." सगळ्या ग्रुपसमोर. लोक हसले. मला बरं वाटलं.

गुरुवारी अप्पांचं उत्तर आलं. आपली अहिराणी त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, फक्त मला कळावी अशी. "तुमनं खरं शे, मास्तर. तुमी म्हंतस तसं करस."

तुमनं खरं शे! काय खरं होतं माझं?

शनिवारी विलायतेहून एका जुन्या मेकॅनिकचं लांबलचक पत्र ग्रुपवर आलं. अप्पांचंच बरोबर, म्हणून. माझा विश्वास बसेना. घरी येऊन वाटीत रॉकेल ओतलं, एक कप टाकला. रविवारी सकाळी बघतो तर फुगून मऊ झालेला. बोटाने दाबला तर तसाच चेपून राहिला.

आणि तसाच मी दहा वाजता चहाला गेलो.

अप्पा खुशीत होते. म्हणाले, "काळी जोडी ठेवी. मंगळवारे सचिन गावले भाचीकडे जास." म्हणजे रॉकेलात भिजवलेले कप बसवून झाले होते. मी चहा प्यायलो. दुसरा कपही घेतला. वहिनी, तुम्ही विचारलंत, मास्तर आज गप्प का? मी म्हटलं, झोप झाली नाही.

का नाही बोललो? नियम होता म्हणून? नाही हो, नाही! नियमाच्या आड लपलो. पडलो तरी नाक वर, दुसरं काही नाही. वाटलं, उद्या ग्रुपवर लिहू. सोमवारी कॅफेत बसलो, "माझी चूक झाली" एवढं लिहिलं, आणि पुसून टाकलं. सगळे वाचतील ना!

मंगळवारी काळी गेली. चौकात समोर साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेल्या बायका होत्या. पेडल तळाला गेलं असणार, ब्रेक लागलाच नसणार. अप्पांनी गाडी खांबाकडे वळवली. त्या बायकांपैकी दोघी आज मागे बसल्या आहेत. सांगा, नजर गेलेला म्हातारा असं वळवतो?

परवा गॅरेजमध्ये जाऊन मी सिलिंडर उघडायला लावलं. हा बघा कप. अप्पांच्या गाडीतला. अगदी माझ्या वाटीतल्यासारखा.

वहिनी, माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही. पोलिसांना सकाळीच सगळं लिहून दिलं आहे. इथून उठून कॅफेत जाणार, आणि सोमवारी पुसलं ते लिहिणार. तिथे आणखी कोणीतरी माझं ऐकून रॉकेल ओतत असेल. कसं थांबवू मी त्यांना? माझं पत्र वाचायच्या आधीच कोणी गाडी बाहेर काढली तर?

तुम्हा सगळ्यांकडे एकच मागणं. अप्पांचं वय झालं होतं, असं पुन्हा म्हणू नका. मास्तरचं चुकलं, असं म्हणा. माझं नाव घेऊन म्हणा.

आता उभे राहू या. अप्पांसाठी दोन मिनिटं गप्प राहू.

त्या रविवारी मला एवढीच दोन मिनिटं बोलायचं होतं.