सॅलडवरचं तेल

आहारतज्ज्ञांकडे नंबर यायचा होता. वाट बघत बसलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मासिक उघडलं खरं, पण कान शेजारच्या बापलेकीकडेच.

"बाबा, सॅलडवर जे ओतता ना, त्याच्या कॅलरी मोजायच्यात. लिंबू किती?"

"एक."

"वाटलेली मोहरी?"

"चमचाभर."

"मध?"

"बोटभर. तुझ्या आईचं बोट हं, माझं नाही."

"आणि तेल?"

"पुरेसं."

"पुरेसं म्हणजे? फोनला असलं कळत नाही, बाबा."

"अगं, ओतायचो मी. ती पाठमोरी काकडी चिरत असायची. बाटलीची गुडगुड ऐकूनच म्हणायची, 'पुरे!' की थांबायचं."

"एकदा तुम्ही मुद्दाम अगदी हळू ओतलंत."

"तरी पकडलं! म्हणाली, 'माझ्या पाठीला कान आहेत.' किती हसलो होतो आपण!"

"मग आई गेल्यापासून वजन का वाढलं? सॅलड तर तेच."

"तेच गं. बाटली तशीच धरतो, तशीच ओततो..."

"मग?"

"मग काय? पुरे म्हणायची वाट बघत बसतो."