पडद्याच्या मागनं

जुन्या मुक्या पिक्चरला मालक उरत न्हाई म्हणता? ते मला साठ सालाच्या सुमारासच कळलंय, वडूजजवळच्या आमच्या गावात.

फिरत्या सिनेमावाल्यानं चावडीपुढं मशीन मांडलं आन् वरडून सांगितलं, "लय जुना हसायचा पिक्चर हाय, मंडळी! हक्काची मुदत संपली, मालक उरला न्हाई. आता ह्यो सगळ्यांचा!"

त्याचा पडदा मातर फाटलेला. मग सरपंच आमच्या वस्तीवर आलं. बुद्धवंदनेच्या सभेसाठी आमी एक मोठं पांढरं कापड शिवून घेतलं व्हतं. वडलांनी हौसेनं घडी मोडून दिलं.

दिवेलागणीला आमी सगळी गेलो, तर सरपंच म्हणालं, "तुमी पडद्याच्या मागं बसा. तिकडनंबी दिसतंय."

दिसलं की! फौजदार उजवीकडनं डावीकडं पळताना धडपडला, तवा पुढचं लोक हसलं, मागं आमीबी हसलो. वडील तेवढं हसलं न्हाईत.

संपल्यावर मी सिनेमावाल्याला इचारलं, "आवं, सगळ्यांचा म्हणला व्हता न्हवं?"

मशीन आवरत त्यो म्हणाला, "पिक्चर सगळ्यांचाच हाय, गड्या. पुढली जागा गावाची."

वडलांनी आपलं कापड सोडलं, घडी घातली आन् घरला आलं.

परवा नातवानं त्योच पिक्चर टीव्हीवर लावला. फौजदार डावीकडनं उजवीकडं पळत व्हता. मी म्हणालो, "आरं, उलटा लागलाय ह्यो."

"न्हाई आजोबा, असाच हाय."

तवा उमगलं, पुढनं असा दिसत व्हता व्हय.