दाजींच्या तळघराची जमीन

...आणि मी म्हणतो, तळघराच्या जमिनीला कोणी विचारतं का हो, ‘बाई गं, आतून कोरडी आहेस ना?’ पण आमचे दाजी विचारत होते! गुडघे टेकून, जमिनीला गाल लावून! तुम्हाला सांगतो, दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद नाही, पण वेग म्हणाल तर गोगलगाय मागून येऊन ‘जरा बाजूला होता का?’ म्हणेल असा! ताईला लग्नासाठी ‘हो’ म्हणायला ह्यांनी इतका वेळ लावला की आमच्या वडिलांनी दुसरा मुलगा बघायला घेतला होता. विचारलं तर काय म्हणाले? ‘घाई कशाला?’

तर झालं असं, की ताई शाळेतून निवृत्त झाली आणि म्हणाली, मी आता विणणार. स्वेटर नव्हे हो, कापड! तिने चांगला पलंगाएवढा लाकडी हातमाग सांगून ठेवला. जन्मभर दुसऱ्यांचंच करत आली बिचारी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, तर तेही माग! पण ठेवायचा कुठे? तळघरात. आणि तळघराची जमीन कशी? सिमेंटची, भुसभुशीत, नुसतं चाललात तरी धुरळा. पांढरं सूत लावलं की संध्याकाळी करडं होऊन निघायचं!

दाजी म्हणाले, “मी इपॉक्सी करतो, रंगासारखा ओततात तो लेप. जमीन काचेसारखी होईल.”

ताई म्हणाली, “रविवारी माग येतोय. जमीन झाली नाही तर मी तो आल्या पावली परत पाठवीन, आणि पुन्हा नाव काढणार नाही.” हे ती शांतपणे म्हणाली. ताई ओरडली तर घाबरायचं कारण नसतं, पण शांतपणे बोलली की मी आपला चपला शोधतो.

आणि दाजी? “घाई कशाला? होईल की!”

गेलो रंगाच्या दुकानात. रंगवाल्याने समोर दोन डबे ठेवले, एक रंगाचा, एक तो घट्ट करणाऱ्या औषधाचा, आणि भुताची गोष्ट सांगावी तसा खाली वाकून म्हणाला, “साहेब, हे दोघं वेगळे आहेत तोवर गरीब गाई. एकत्र झाले की संपलं! थोडं थोडं कालवा. कालवून चहाला बसलात, तर परत येईपर्यंत बादलीत धोंडा!” दाजी मंद हसले. “घाई कशाला?” रंगवाल्याने माझ्याकडे बघितलं... डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे बघतात ना, तसं!

पण खोटं कशाला बोलू, तयारी करावी ती दाजींनीच! सगळं भंगार बाहेर काढलं. जुन्या स्कूटरच्या तेलाचा डाग घासला, घासला, घासला. मी म्हटलं, “दाजी, गेला डाग.” म्हणे, “त्याची सावली आहे अजून.” मग जमीन घासायचं मशीन भाड्याने आणलं. ते सुरू झालं मात्र, तळघराची पिठाची गिरणी झाली! आम्ही दोघं वर आलो तर ताई दारातच म्हणाली, “कोण पाहिजे?” मग भेगा भरल्या, त्याही अशा हळुवार, की दातांचा डॉक्टर झक मारेल. मग प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला, खालून ओल येते का बघायला, आणि तासातासाला जाऊन त्याच्याजवळ गाल टेकवून बसले. इकडे शनिवार उजाडला तरी ह्यांचं आपलं तेच, “घाई कशाला?”

शेवटी एकदाचं प्लास्टिक निघालं. खडखडीत कोरडं! दाजींनी तळव्याला खिळे असलेले ते खास बूट चढवले आणि दोन्ही डबे... सगळेच्या सगळे... एका बादलीत ओतले!

“अहो, थोडं थोडं म्हणाला होता ना तो?”

“एकदम कालवलं की रंग एकसारखा येतो. घाई कशाला?”

आणि पलीकडच्या कोपऱ्यात उभे राहून रोलर फिरवायला लागले, बाळाला तेल लावतात तसा. हातरुमालाएवढी जागा झाली. मग टॉवेलाएवढी. मी म्हटलं, “दाजी, बादली गरम लागतेय.” म्हणाले, “लागू दे.” म्हटलं, “दाजी, वाफ निघतेय!” तेव्हा कुठे त्यांनी वळून बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि तोंडातून आवाज फुटला...

“घाईऽऽ कर! ओत! सगळं जमिनीवर ओत!”

मी बादली उपडी केली. ताई ओरड ऐकून धावत खाली आली, आली ती लांब दांड्याचा रबरी वायपर घेऊनच, आणि कोरड्या बाजूला उभी राहून भराभरा ओढायला लागली. आणि दाजी... दाजी पळत होते हो! खिळ्यांचे बूट, खट् खट् खट्, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रोलर घेऊन!

ताई थक्क! “अहो, तुम्हाला पळता येतं?”

“बोलू नकोस! तो कोपरा घे!”

मागे सरकत सरकत तिघं पायरीला टेकलो, शेवटचा हात फिरला, आणि बादलीच्या तळाशी उरलेलं तेवढं दगड झालं. दाजींचा भाता चाललेला. ताई पायरीवर बसली आणि हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, “माझ्यासाठी पळालात?” दाजी म्हणाले, “मग? उद्या तुझा माग येतोय ना!”

वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. पण रविवारी माग आला तेव्हा कळलं, एवढं वजन सोसायला जमीन अजून पुरती पिकायची, म्हणजे आतून घट्ट व्हायची होती! सोफा भिंतीला ढकलून माग बैठकीत ठेवला. तात्पुरता!

आता ती जमीन चांगली पिकली. अशी झाली आहे की बघत राहावं! वरचा दिवा खाली दिसतो, खालचा वर. मी म्हटलं, चला, उचलू माग. दाजी दचकलेच, “त्याला चार पाय आहेत! ओरखडे पडतील!” मी मोठ्या आशेने ताईकडे बघितलं. ती म्हणाली, “राहू दे रे, वर उजेड बरा आहे.”

म्हणजे बैठकीत माग, पाहुणे स्वयंपाकघरात, आणि संध्याकाळ झाली की हे दोघं चहा घेऊन तळघराच्या पायऱ्यांवर... जमीन बघत! काल मला पण मधली पायरी दिली. मी जरासा पाय खाली सोडला, तर दोघं एका सुरात ओरडले, “पाय वर!”

घेतला वर. काय करता? ...दिसते मात्र झकास हो!